लाकडाचा निकाल उशिरा लागतो

नगर-मनमाड रस्त्यानं शहराबाहेर पडलं की नागापूर लागतं, आणि नागापूर म्हटलं की जिल्ह्यातल्या कोणालाही आधी एमआयडीसीच आठवते. विजेच्या मोटारी, स्विचगियर, यंत्रांचे सुटे भाग घडवणाऱ्या अशा वसाहतीत लाकडाला तोटा नसतो. जड माल ट्रकवर चढवायचा तर खाली पॅलेट लागतं, परदेशी पाठवायचा तर भोवती खोकं लागतं. परदेशी जाणाऱ्या खोक्याचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटं तापवून त्यावर तसा शिक्का मारावा लागतो, म्हणजे त्यातून कीड दुसऱ्या देशात पोचत नाही. काम नियमाचं आहे आणि ते चोख व्हावं लागतं. पण ही वस्तू एकदा फाटकाबाहेर पडली की करणाऱ्याला पुन्हा कधी दिसत नाही. तिनं एक प्रवास निभावला की झालं. आज कुठल्याही औद्योगिक गावात सुताराला मिळणारं बाकीचं कामही पुष्कळसं याच वळणाचं असतं. ऑफिसची पार्टिशनं, प्लायची कपाटं, सनमायका चिकटवलेली स्वयंपाकघरं. जोडून झालं, पैसे हातात आले, संबंध संपला. लाकडाशी रोजचा संबंध असणारी माणसं एवढी असताना हातानं सामान घडवणं हे आयुष्यभराचं काम म्हणून पत्करणारी माणसं का घटावीत, हा प्रश्न नागापुरासारख्या ठिकाणी विचारायला हवा, कारण त्याचं उत्तर इथल्याच फाटकाशी सापडतं.

या कामाबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते बहुधा दोन सुरांत. एक हळहळीचा: जुने कारागीर गेले, त्यांच्याबरोबर कला गेली. दुसरा हिशेबाचा: यंत्र तेच काम कितीतरी वेगानं करतं, मग हात कशाला शिणवायचे? दोन्ही सूर धरून चालतात की भांडण हात आणि यंत्र यांच्यातलं आहे. मला ते पटत नाही. लाकूडकामाला आयुष्य लागतं याचं कारण हाताच्या सफाईत फारसं नाही. होतकरू मुलगा चार-पाच वर्षांत करवत सरळ चालवायला, रंधा मारायला, चौकट गुण्यात बसवायला शिकतो. आयुष्य लागतं, कारण लाकूड आपला निकाल फार उशिरा देतं. पंचविसाव्या वर्षी केलेला सांधा खरा होता की खोटा, हे पंचेचाळिसाव्या वर्षी कळतं. ते कळायचं तर ती वस्तू करणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात राहावी लागते आणि बिघडली तर त्याच्याच दारात परत यावी लागते. जिथं ही परतीची वाट उघडी होती तिथं साधं, टिकाऊ आणि म्हणूनच देखणं सामान घडलं. जिथं ती बुजली तिथं कारागिरी आटली, मग हातात वाकस असो की विजेची करवत.

लाकूड असं का वागतं हे थोडं सांगायला हवं. झाड कापल्यानंतरही त्याचं लाकूड हवेतली ओल घेत-सोडत राहतं. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र फुगतं आणि आकसतं. त्यातही वाढीच्या वलयांच्या कडेनं होणारी हालचाल गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या हालचालीच्या साधारण दुप्पट असते. फळी वाकते, पिळते, तडकते ती या असमानतेमुळे. नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि एप्रिल-मेमध्ये हवेतली सगळी ओल शोषून घेणारी झळ. मेमध्ये घट्ट बसवलेलं दार ऑगस्टमध्ये चौकटीला अडतं, ऑगस्टमध्ये मापाला बसवलेली फळी मेमध्ये फट दाखवते. म्हणून जाणता सुतार दाराच्या दिल्ह्याची फळी चौकटीच्या खाचेत मोकळी ठेवतो, तिला सरस लावत नाही, म्हणजे तिला श्वास घ्यायला जागा राहते. एवढं कोणत्याही पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात मावतं. पण जागा किती ठेवायची, सागाला किती आणि आंब्याला किती, नुकत्या कापलेल्या ओंडक्याला किती आणि तीन उन्हाळे सावलीत काढलेल्याला किती, दार पश्चिमेच्या भिंतीत असेल तर किती, हे कुठल्याही कोष्टकात पुरतं मावत नाही. ते आपण केलेली वीस-पंचवीस दारं वीस-पंचवीस वर्षं पाहत राहिलं तर हाती येतं. दार करून जो निघून गेला त्याला ते कधीच कळत नाही, मग त्यानं आयुष्यात हजार दारं का केली असेनात.

या म्हणण्याचा सर्वांत लख्ख पुरावा अमेरिकेतल्या शेकर समाजात आहे. अ‍ॅन ली ही मँचेस्टरच्या एका लोहाराची मुलगी १७७४ साली मोजक्या अनुयायांसह न्यू यॉर्कला उतरली. तिच्या पश्चात, १७८७ पासून, न्यू लेबनॉन इथं या पंथाचं संघटित गाव वसलं आणि पुढं मेनपासून केंटकीपर्यंत तशी अनेक गावं उभी राहिली. मालमत्ता सामायिक, सर्वांना ब्रह्मचर्य, कारभारात स्त्री-पुरुष दोघांना जागा. त्यांच्या खुर्च्या, टेबलं, कपाटं आज संग्रहालयांत जपली जातात. त्यांच्या सौंदर्याचं श्रेय सहसा धर्माला दिलं जातं आणि त्याला आधारही आहे. त्यांच्या १८४५ च्या नियमावलीत निव्वळ शोभेच्या नक्षीला, गोलाव्यांना मनाई आहे. पलंग हिरव्या रंगाचे असावेत इथपर्यंत बारकावा आहे. तरी साधेपणाचा नियम केल्यानं खुर्ची चांगली होत नाही. घाईनं ठोकलेलं स्टूलही साधंच असतं. शेकर सामानात जे आहे ते दुसऱ्याच कारणानं आलं. ती वस्तू करणारा, वापरणारा, तिच्याखालची जमीन झाडणारा आणि ती मोडली तर दुरुस्त करणारा ही सगळी माणसं एका छपराखाली राहत होती आणि मरेपर्यंत राहणार होती. आयझॅक न्यूटन यंग्ज याचा जन्म १७९३ चा. अगदी लहानपणापासून तो शेकरांत वाढला आणि १८६५ मध्ये त्यांच्यातच वारला. घड्याळं, सुतारकाम, पत्र्याचं काम, गावाच्या नोंदी, अशी कितीतरी कामं त्यानं हयातभर केली. अशा माणसाच्या हातचं घड्याळ बंद पडलं तर ते त्याच्याच टेबलावर परत येई.

त्यांच्या खुर्चीचा एक तपशील मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलका वाटतो. लोक खुर्चीवर बसून मागं रेलतात, तेव्हा मागचे दोन पाय टोकावर येतात. जमिनीला चरे पडतात, पायांची कड तुटते. शेकरांनी रेलणाऱ्याला दटावण्याऐवजी मागच्या पायांच्या तळाशी फिरती लाकडी गोटी बसवली, म्हणजे खुर्ची कलली तरी पायाचा तळ जमिनीवर सपाट टेकलेला राहतो. पुढं १८५२ मध्ये जॉर्ज ओडॉनेल या शेकरानं तिच्या धातूच्या आवृत्तीचं पेटंट घेतलं. ही कल्पना कागदावर रेघा मारताना सुचण्यासारखी नाही. ती सुचते चरे पडलेली जमीन रोज पाहणाऱ्याला. तसंच बैठकीचं. खुर्चीचा सांगाडा मेपलसारख्या कठीण लाकडाचा आणि बैठक सुती पट्ट्या आडव्या-उभ्या विणून केलेली, आपल्याकडच्या नवारीच्या खाटेशी थेट नातं सांगणारी. जे झिजणार ते झिजू द्यायचं आणि बदलायचं. जे टिकणार ते शंभर वर्षं टिकेल असं करायचं. अशा खुर्च्यांच्या जुन्या रीतीत पायाचं लाकूड किंचित ओलसर असतानाच त्यात खणखणीत सुकलेल्या आडव्या दांड्या ठोकतात. पाय सुकत जातो तसा दांडीभोवती आवळत जातो. खिळ्याची, सरसाची फारशी गरज उरत नाही, आणि लाकडाची जी खोड सांधे मोडते तीच इथं सांधा धरून ठेवते.

इथं हात आणि यंत्र यांचं भांडण कुठं आहे? शेकरांना यंत्रांचं वावडं नव्हतं. पाण्यावर चालणारे चरक, गोल पात्याच्या करवती त्यांनी आनंदानं वापरल्या. रॉबर्ट वॅगन यानं १८७० च्या दशकात माउंट लेबनॉनचा (न्यू लेबनॉनचंच हे पुढचं नाव) खुर्ची-कारखाना वाढवला, छापील यादीवरून मागणी घेतली, लहान मुलापासून दांडग्या माणसापर्यंत आकारांना क्रमांक दिले, आणि १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनात खुर्च्या मांडल्या. ही तयार मालाची विक्रीच होती. तरी तिथं एक गोष्ट घडली ती लक्षात घ्यावी. गावातल्या गावात वापरायच्या सामानावर करणाऱ्यानं नाव घालू नये अशी शेकरांची शिस्त होती, आणि नावाची गरजही नव्हती, कोणी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक असे. खुर्च्या दूरच्या शहरांत जाऊ लागल्या, नकला निघाल्या, तेव्हा वॅगनला प्रत्येक खुर्चीवर व्यापारचिन्ह लावावं लागलं. अंतर वाढलं की जबाबदारी लेखी करावी लागते. पुढं विसाव्या शतकात, पंथ आटत असताना, या खुर्च्या घडवण्याचं काम सारा कॉलिन्स आणि लिलियन बार्लो या भगिनींनी चालवलं. परंपरेनं पुरुषांकडे असलेलं सुतारकाम गरज पडताच स्त्रियांच्या हाती आलं आणि खुर्च्या होत राहिल्या. आपल्याकडे सुताराच्या मुलीला वाकस धरू न देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

आता दख्खनच्या घरात या. पाट, चौरंग, देव्हारा, फडताळ, बाज, तिवई, धान्याची पेटी, भिंतीतल्या खुंट्या: बहुतेक घरांचं सामान एवढंच. शेकरांच्या खोल्यांत भिंतीभर लाकडी खुंट्यांची रांग असे, तिच्यावर टोप्या, झाडू, अगदी खुर्च्यासुद्धा उलट्या टांगून जमीन मोकळी करत. आपल्याकडे जेवणं झाली की पाट उचलून भिंतीशी उभे करायचे, अंथरूण गुंडाळून ठेवायचं, बाज अंगणात नाही तर भिंतीला, खुंटीवर पागोटं आणि पिशवी. मग जमीन झाडा, सारवा. एकमेकांचं नावही न ऐकलेल्या दोन समाजांनी एकच उत्तर काढलं, कारण दोघांकडे मोकळी, स्वच्छ जमीन ही घरातली मुख्य काळजी होती. बाज पाहा. बाभळीच्या चार खुरांत चार दांडे, कुसू आणि खाच एकमेकांत अडकवलेली, वर सुंभाची वीण, पायथ्याशी ताणून घेता येणारी दोरी. सुंभ कुजलं की नवं विणायचं. दांडा मोडला तर तेवढाच बदलायचा. सांगाडा आजोबांच्या वेळचा असला तरी कुणाला नवल वाटत नसे.

लाकूडही सामान्य. नगर, सोलापूर, बीड या कोरड्या पट्ट्यात बांधावर रामकाठी बाभूळ वाढू देत. तिच्या फांद्या वर चढतात, घेर आटोपशीर राहतो, म्हणून पिकावर सावली कमी पडते. तिचं लाकूड कठीण आणि चिवट. ओंडके पाण्यात मुरवून, मग सावलीत वाळवून वापरायची रीत होती. बैलगाडीचं चाक याच लाकडाचं. मध्ये तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे आणि त्याभोवती लोखंडी धाव. धाव तापवून फुगवायची, चाकावर चढवायची आणि पाणी मारायचं. ती आकसते आणि सगळे सांधे एका मुठीत आवळते. सुतार आणि लोहार या दोघांचं काम इथं एका दिवसात एकत्र येतं, आणि चूक कोणाची हे पुढच्या उन्हाळ्यात, लाकूड सुकून धाव ढिली झाली की, गावासमोर ठरतं. आरा मोडला तर नवा आरा, चाक तेच. या गाडीला कुणी कलाकृती म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

या ठिकाणी पहिला आणि सर्वांत जड आक्षेप येतो. गावगाड्यातला सुतार गावाला बांधलेला होता तो राजीखुशीनं नव्हे, जन्मानं. बलुतेदारी म्हणजे जातीनं नेमलेलं काम आणि खळ्यावर मिळणारं धान्य. त्याच व्यवस्थेनं इतरांना याहून किती अमानुष कामांना जखडून ठेवलं हे डॉ. आंबेडकरांनंतर कोणी विसरू नये. सुतार बलुत्याच्या थोरल्या ओळीत, म्हणजे तुलनेनं बऱ्या जागी होता, म्हणून तर त्या व्यवस्थेची आठवण गोड करून सांगणं आणखी वाईट. दुसरा आक्षेप त्याच व्यवस्थेच्या आतून आला. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ च्या पुस्तकात बलुतेदारांविषयी हळहळ नाही, टीका आहे. हक्क वंशपरंपरेचा, गिऱ्हाईक बांधलेलं, तर काम चोख करण्याची निकड राहत नाही आणि कुणब्यावर भार मात्र पडतो, हा त्यांचा रोख. म्हणजे वस्तू परत दारात येत होती, तरी ती येण्याचं भय सुताराला वाटेलच असं नव्हतं.

दोन्ही आक्षेप मी खरे मानतो, आणि ते माझं म्हणणं खोडत नाहीत, नेमकं करतात. बांधिलकी दोन प्रकारची असते: माणसाला गावाशी बांधणारी आणि माणसाला त्याच्या वस्तूशी बांधणारी. बलुतेदारीत दोन्ही एकात एक गुंतल्या होत्या. शेकरांचं उदाहरण इथं उपयोगी पडतं ते एवढ्याचसाठी की तिथं प्रौढ माणूस स्वतः सही करून समाजात येई आणि सोडूनही जाऊ शके. जन्माची सक्ती नसतानाही वस्तूची जबाबदारी तिथं होती. आणि नगरला तर सुतारकाम जातीच्या कुंपणाबाहेर काढण्याचा एक जुना प्रयत्न झाला आहे. बॉस्टनहून आलेल्या अमेरिकन मराठी मिशननं १८३१ साली नगरला ठाणं केलं आणि त्याच शतकाच्या अखेरीस इथं औद्योगिक शाळा चालवल्या. ज्यांच्या बापजाद्यांनी रंधा हाती धरला नव्हता, धरू दिला गेला नव्हता, अशा मुलांना तिथं सुतारकाम शिकवलं गेलं. धर्मप्रसाराचा हेतू त्यामागं होताच, तो नाकारायचं कारण नाही. पण हुन्नर रक्तात नसून शिक्षणात आणि सहवासात असतो हे नगरकरांना त्या शाळांनी दाखवलं. एका गोष्टीत त्या अपुऱ्या होत्या: मुलं शिकून मुंबई-पुण्याकडे गेली की त्यांची सामानंही त्यांच्यापासून तुटत.

परतीची वाट बुजली कशी, हेही पाहायला हवं. ते एका दिवसात झालं नाही आणि त्यात सगळं वाईट नव्हतं. किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर बाजारात आणला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. खोल नांगरट झाली, शेतकऱ्याचा फायदा झाला, सुताराचं वर्षाचं हमखास काम गेलं. गोदरेजची लोखंडी कपाटं १९२३ पासून निघू लागली. वाळवी आणि चोर या दोघांनाही त्यांनी दाद दिली नाही, मग फडताळ किंवा पेटी कोण करवून घेणार? प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला, जिल्ह्यात पुढं अनेक झाले, आणि उसाच्या वाहतुकीला रबरी टायरची, लोखंडी सांगाड्याची गाडी आली. बैलांच्या मानेवरचा भार हलका झाला हे चांगलंच झालं. तुंबा-आऱ्यांचं चाक करणारा हात मात्र एका पिढीत रिकामा झाला. मग आले प्लाय आणि पार्टिकल बोर्ड. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा राळेत दाबून केलेली फळी. ती वाकत नाही, पिळत नाही, म्हणजे लाकडाची खोड तिच्यात नाहीच. पण पाणी लागलं की ती फुगते ती परत बसत नाही, आणि बिजागरीचा स्क्रू एकदा निसटला की त्याच भोकात पुन्हा धरत नाही. तिच्यात दुरुस्तीची सोयच नाही. लोखंडी नांगर आणि टायरगाडी यांची दुरुस्ती वेल्डिंगच्या दुकानात होते, म्हणून त्यांच्याभोवती नवे कारागीर उभे राहिले. नागापूरसारख्या वसाहतींच्या आसपास ते ढिगानं आहेत आणि त्यांच्यातले कित्येक अव्वल दर्जाचे आहेत. यंत्रयुगानं कारागिरी मारली असं सरसकट म्हणता येत नाही ते यामुळे. मारली ती फेकून देण्याच्या वस्तूनं.

तिसरा आक्षेप किमतीचा, आणि तो सामान्य माणसाचा आहे म्हणून त्याला टाळून चालणार नाही. वसाहतीत कंत्राटी काम करणाऱ्या जोडप्याला सागवानी पलंग परवडत नाही. हप्त्यावर मिळणारा दिवाण परवडतो, आणि तो पाच-सहा वर्षांत खिळखिळा होतो हे त्यांनाही कळतं. इथं मला शेकरांच्या खुर्चीचा पुढचा जन्म महत्त्वाचा वाटतो. डेन्मार्कमध्ये बोर्गे मोगेनसन याला ग्राहकांच्या सहकारी संघानं १९४२ मध्ये फर्निचरची जबाबदारी दिली आणि १९४७ मध्ये त्यानं जे-३९ ही खुर्ची केली. मूळ प्रेरणा शेकर खुर्चीची, लाकूड बीचचं, बैठक कागदी दोरीची विणलेली. ती कारखान्यात बनली, कामगारांच्या घरात गेली, आणि तिची वीण आजही बदलता येते. त्या दोरीची जागा आपल्याकडे सुंभ किंवा नवार सहज घेईल. महागडं लाकूड आणि नक्षीकाम यांनी ती लोकांची खुर्ची झाली नाही. विकणारी संस्था विकत घेणाऱ्यांच्याच मालकीची होती, म्हणून झाली. खुर्ची मोडली तर तक्रार परक्या दुकानदाराकडे जात नव्हती. ज्या जिल्ह्यात साखर, दूध, पतपुरवठा यांत सहकार मुरलेला आहे, त्या जिल्ह्याला ही गोष्ट परकी वाटू नये. आणि साग कशाला हवा? बाभूळ, कडुनिंब ही लाकडं इथल्या बांधांवर वाढतात. ती वाळवून, निवडून, त्यांच्या स्वभावाला मान देऊन वापरायला जो जाणतेपणा लागतो तो सागाहून जास्त, म्हणून तर आळस सागाकडे पळतो.

लाकूड वापरायचं म्हणजे झाडं तोडायची, मग पर्यावरणाचं काय, असा प्रश्न ज्या जिल्ह्यानं दुष्काळ सोसले आहेत तिथं विचारला जाणारच. नगर तालुक्यातल्याच हिवरे बाजारनं कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून उघडे डोंगर हिरवे केले. त्या शिस्तीपुढं लाकूडकामाचं कौतुक करणं विसंगत वाटू शकतं. मला ते सुसंगत वाटतं. कुऱ्हाडबंदी करणारं गाव झाडाचं वय मोजायला शिकतं, आणि चांगल्या सामानाचीही तीच पहिली अट आहे: झाड जेवढी वर्षं वाढलं त्याहून जास्त वर्षं त्याची वस्तू टिकली पाहिजे. तीस वर्षांच्या बाभळीची बाज साठ वर्षं वापरली तर त्या बांधावर दुसरी बाभूळ दोनदा वाढते. पाच वर्षांत कचऱ्यात जाणाऱ्या बोर्डाचा हिशेब याच्या शेजारी मांडून पाहावा. अडचण आहे ती कायद्याच्या अंमलात. १९६४ च्या महाराष्ट्र झाडतोड अधिनियमात साग, आंबा, चिंच अशा झाडांना परवानगी लागते आणि ते योग्यच आहे. पण परवानगीची पायपीट व्यापाऱ्याला झेपते, एका झाडाचं काम करणाऱ्या सुताराला झेपत नाही, म्हणून त्याचं लाकूड वखारीतून येतं आणि झाड कुठं, कोणत्या बाजूला वाढलं हे त्याला कधी कळतच नाही.

सरकारनं काही केलं नाही असंही नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ हुन्नरांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, दोन टप्प्यांत एक आणि दोन लाखांचं कर्ज पाच टक्के व्याजानं. अवजारं आणि भांडवल ही खरी गरज आहे, म्हणून हे स्वागतार्ह. प्रशिक्षण मात्र पायाभूत पाच ते सात दिवसांचं आणि पुढचं १५ दिवसांपासूनचं. आयटीआयचा सुतारकामाचा अभ्यासक्रम एका वर्षाचा. एका वर्षात मे किंवा ऑगस्ट दोनदा येत नाही. शिकणारा जी पेटी करतो ती फुगताना आणि आकसताना पाहण्याआधीच त्याच्या हातात प्रमाणपत्र पडतं. यावर कुणी म्हणेल, मग काय वीस वर्षांचा अभ्यासक्रम काढायचा? तसं नाही. पण परीक्षेला केलेली वस्तू संस्थेतच वापरात ठेवावी, आणि तीन वर्षांनी त्या विद्यार्थ्याला बोलावून तिची तपासणी त्याच्याकडूनच करून घ्यावी, एवढं कोणत्याही आयटीआयला खर्चाशिवाय जमेल. ग्राहकांच्या बाजूनंही असंच आहे. केंद्र सरकारनं २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं; शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं त्यात घेतली. आपण ज्यावर झोपतो, बसतो, जेवतो त्या सामानाचा वेगळा विचार त्यात नाही.

यातून काम म्हणून पुढं येतं ते सरळ आहे, पण स्वस्त नाही. सामान करणाऱ्यानं त्यावर आपलं नाव आणि वर्ष कोरावं, लाकूड कोणतं ते लिहावं, आणि किमतीतच पहिल्या पावसाळ्यानंतरची आणि पहिल्या उन्हाळ्यानंतरची भेट धरावी. त्या भेटीत अडलेलं दार तासायचं, सैल झालेली खुंटी ठोकायची, बैठकीची वीण ताणायची, आणि काय चुकलं ते वहीत टिपायचं. गिऱ्हाईकानं या भेटीचे पैसे आधी मोजायची तयारी ठेवावी, कारण सुताराचा अर्धा दिवस फुकटचा नसतो, आणि तो फुकट धरला की बलुतेदारीचाच दोष मागल्या दारानं परत येतो. एकट्या सुताराला हे पेलणार नाही. पाच-सहा जणांची लहानशी सहकारी संस्था, एक सामायिक वखार जिथं लाकूड तीन-चार उन्हाळे वाळेल, चांगली यंत्रं, आणि प्रत्येकाची वेगळी वही, असं काही नागापूरच्या वसाहतीतल्या एखाद्या गाळ्यात उभं राहू शकतं. पॅलेटसाठी येणाऱ्या लाकडाची वाहतूक, करवती, वेल्डिंगवाले, मोटारी दुरुस्त करणारे, सगळे तिथं शेजारीच आहेत. गिऱ्हाईकही शेजारीच आहे, भाड्याच्या दोन खोल्यांत, खिळखिळ्या दिवाणावर. नाही ते एकच: लाकूड वाळेपर्यंत तीन-चार वर्षं अडकून राहणारं भांडवल. विश्वकर्मा योजनेचा एक लाखाचा पहिला टप्पा १८ महिन्यांत फेडायचा असतो, आणि दीड वर्षात बाभळीची जाड फळी गाभ्यापर्यंत सुकेलच असं सांगता येत नाही.